बुजगावण्याचं तोंड

दहिसर, ९ जानेवारी

चि. धाकू,

तू विसराळू, हे मला आजचं माहीत नाही. लहानपणी एकदा गाय चरायला घेऊन गेलास. गाय उन्हं उतरायच्या आत एकटी घरी आली. तू काळोख पडल्यावर आलास आणि आईला विचारलंस, गाय खंय गेली? म्हणून आधी ओळख करून देते. मी रत्नप्रभा, तुझी थोरली बहीण. गेल्याच्या गेल्या गणपतीत सगळ्या वाडीसमोर तू म्हणालास ना, मला मुलगी नाही आणि बहीणही नाही, तर त्यातली जी दुसरी नाही, ती मी.

फोन तू उचलत नाहीस. सौरभच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. नातवाच्या फोनवरून आजीनं बोलू नये असा काही कायदा झाला असेल तर कळव. म्हणून हे पत्र. पत्र ठेवून देता येतं, पण ऐकल्यावर.

तुला अक्षर येत नाही आणि मला तर नाहीच नाही. तेव्हा मी सांगते आहे आणि आमच्या सौरभची बायको, निधी, लिहिते आहे. तिकडे शेजारच्या लवूची बायको शांताबाई वाचणार. शांताबाईचा आवाज मला ठाऊक आहे. ती आपल्या अंगणात वाचायला बसली की खालच्या वाडीत कुत्री उठून बसतात. तेव्हा धाकू, रागानं आत जाऊन झोपलास तरी ऐकू येणारच आहे. शांताबाई, तू काही गाळू नकोस.

आणखी एक. निधी ठाण्याची. मी आपल्या भाषेत सांगते, ती पुस्तकातल्यासारखं लिहिते. मी 'मेल्या' म्हटलं की ती 'अरे' लिहिते. म्हणते, आजी, पत्रात बरं दिसत नाही. तेव्हा जिथं जिथं 'अरे' येईल तिथं काय ते तू समजून घे.

तर अरे, बातमी अशी की तुझ्या जान्हवीचं काम अंधेरीला मोठ्या आर्ट फेअरमध्ये लागणार आहे. आर्ट फेअर म्हणजे जत्रा. देव नाही, पालखी नाही, बाकी गर्दी तीच. देशभरातल्या चित्रकारांनी अर्ज केले होते, त्यातून हिला घेतलं. तू म्हणाला होतास की कणकवलीच्या शाळेतली ड्रॉइंगची कायमची नोकरी सोडून गेलीस तर मुंबईत भिंती रंगवशील. तर तसं नाही. ती माझ्याकडे राहते, बोरिवलीला मुलांचे क्लास घेते आणि रात्री माझी झोपमोड करून काहीतरी ठोकत बसते. काय ठोकते ते मला दाखवत नाही. म्हणते, आत्ये, तिथंच बघ.

आणि तिला मी फूस लावली म्हणतोस, ते खोटं. मी फक्त दार उघडलं. भाची पहाटे पिशवी घेऊन दारात उभी राहिली तर काय करायचं असतं, ते तू सांग. तूही एकदा असाच आला होतास लालबागला.

तुला ये म्हणून हे लिहिलेलं नाही. नुसतं कानावर घातलं.

पण एक गोष्ट मला लागली आहे. तुला-मला लिहिता येत नाही म्हणून आपलं कधी अडलं नव्हतं. लक्झरी बसच्या ड्रायव्हरकडे तुझी पिशवी यायची आणि उघडली की मला सगळं कळायचं. कुळथाचं पीठ म्हणजे सगळं बरं आहे. खडखडे लाडू म्हणजे आनंदाची बातमी. जान्हवी झाली तेव्हा इतके लाडू धाडलेस की आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्यांचे राहिलेसाहिलेले दात गेले. आमसुलं म्हणजे तू माझ्यावर चिडलास. आणि उकडा तांदूळ म्हणजे तू स्वतः येतोयस, कारण मुंबईचा तांदूळ तुझ्या घशाखाली उतरत नाही. आधी तांदूळ यायचा, मागून तू. पिशवी हातात तोलून मी यांना सांगायची, या खेपेला आठ दिवस राहतोय.

दोन वर्षं काहीच नाही. राग होता तर आमसुलं तरी पाठवायचीस. काहीच न पाठवण्याचा अर्थ आपण ठरवलेला नव्हता.

तुझी नसलेली बहीण,
रत्नप्रभा


दहिसर, १७ जानेवारी

चि. धाकू,

काल जत्रेला जाऊन आले. निधीनं ऑफिसातून सुट्टी काढली. दहिसरहून मेट्रोनं गेलो. मेट्रो म्हणजे थंडगार, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. तुला आवडेल.

जत्रा भरली आहे एका बंद पडलेल्या कारखान्यात. वर पत्रे, पत्र्यांखाली कबुतरं, आणि खाली असे लोक की त्यांचे कपडे फाटके आहेत की तसेच शिवलेत, ते कळू नये. दारात वॉचमननं माझी पिशवी उघडली. आत भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. म्हणाला, माताजी, खाना अंदर नहीं जाएगा. मी म्हटलं, बाबा, हे खाणं नाही, मी केलेली कलाकृती आहे, आत लावायची आहे. तो इतका हसला की त्यानं सोडलंच. चटणीचा वास मात्र त्याला आला असणार. मागून म्हणाला, माताजी, कलाकृती थोडी बचा के लाना.

आता तिथं काय पाहिलं ते सांगते, म्हणजे तू नुसता जत्रा जत्रा म्हणून हसणार नाहीस.

एका खोलीत कुकरच्या शिट्ट्या टांगल्या होत्या. वरून दोऱ्या सोडलेल्या, प्रत्येक दोरीला एक जुनी शिट्टी, आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्या एकमेकींवर आपटायच्या. किणकिण किणकिण. बाकीचे लोक डोळे मिटून ऐकत होते. माझा हात मात्र आपोआप गॅस बंद करायला पुढं गेला. निधीनं धरला म्हणून बरं. पण खरं सांगते, बरं वाटलं ऐकून. एवढ्या घरांतली वरणं एका खोलीत शिजत असल्यासारखं.

पुढं गोवंडीच्या एका पोरानं दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचा समुद्र केला होता. निळ्या पिशव्या, पांढऱ्या पिशव्या, कापून शिवलेल्या, भिंतीपासून पायाशी येईपर्यंत. खालून हवा सोडली की लाट यायची. मी चप्पल काढून मागं सरले, पाय ओले होतील म्हणून. ते पोरगं बाजूलाच उभं होतं. म्हणालं, आजी, सगळ्यांनी फोटो काढले, चप्पल फक्त तुम्ही काढलीत. मी म्हटलं, समुद्र चांगला झालाय बाबा, पण वास नाही. तो म्हणाला, पहिल्या दिवशी होता आजी, दुधाचा. मग धुवायला लावला.

आणि एका भिंतीवर कड्या. पाडलेल्या चाळींच्या दारांच्या कड्या, कोयंडे, आगळ, सगळं ओळीनं ठोकलेलं, आणि हात लावायला मुभा. तिथं मी थांबले. आमच्या लालबागच्या खोलीची कडी आठवते तुला? तू सतरा वर्षांचा, गिरणीत लागायला म्हणून आलास आणि तांदळाला नावं ठेवत परत पळालास. त्या आठ दिवसांत तुला ती कडी एकदाही लावता आली नाही. वरून खाली लोटायचास, ती खालून वर घ्यायची होती. तशीच एक तिथं होती. मी खालून वर घेतली. अगदी तोच आवाज झाला, अरे. तुझे भावजी रातपाळीवरून यायचे तेव्हाचा. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. मागं रांग लागली तेव्हा निधीनं हाताला धरून पुढं नेलं.

आता नीट ऐक. शांताबाई, तू जरा पाणी पिऊन घे.

निधी म्हणाली, आजी, जान्हवीचं काम त्या टोकाला आहे. मी चालायला लागले. मला एका डोळ्यानं बरं दिसतं, दुसऱ्याचं ऑपरेशन राहिलंय. लांबून बघते तर काय, हॉलच्या मधोमध भाताचा पेंढा पसरलेला, आणि पेंढ्यात तू उभा. माझ्याकडे पाठ करून. तोच निळ्या चौकड्यांचा शर्ट. पाठीला मी माझ्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावून दिलं होतं, तेसुद्धा तिथंच. डावा खांदा खाली, उजवा वर. डोक्यात सणक गेली माझ्या. हा आला, मला सांगितलं नाही, आणि परभारे लेकीचं काम बघायला येऊन उभा राहिला!

मग मी जे बोलले ते निधीला सांगितलंय, इथं तुझं 'अरे' नको, जसंच्या तसं लिही.

"धाकू! मेल्या, इलंस कधी? फोन उचलूक तुका हात गावणत नाय, आणि हय दोनय हात पसरून उभो रवलंस? बहीण नाय म्हणतंस, आणि बहिणीच्या मुंबयेत येऊन बहिणीकडेच पाठ करतंस? फिर हडे! तोंड दाखय!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी तशीच तणतणत पुढून फिरून गेले.

तोंडच नव्हतं. शर्टाच्या वर पालथं मडकं, चुना लावलेलं, पांढरंफटक. ना डोळे, ना नाक.

बुजगावणं होतं, अरे. तुझ्यासारखं बांधलेलं, एक खांदा पाडून.

मी उभीच राहिले. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच. कुणी फोन वर धरून माझं शूटिंग घेत होतं. आखूड केसांची एक बाई येऊन माझे हात हातात घेऊन काहीतरी म्हणाली. निधीला विचारलं तर म्हणते, आजी, त्यांना वाटलं तुम्ही त्या कामाचाच भाग आहात. मी म्हटलं, मी त्याची बहीण आहे, भाग असणारच.

जान्हवी खांबाआड बसून पोट धरून हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

तर शांताबाई, आता मोठ्यानं वाच, रस्त्यापर्यंत गेलं पाहिजे. धाकूनं दोन वर्षांपूर्वी वाडीभर सांगितलं ना, की शेतातल्या बुजगावण्याचा शर्ट लवूनं पळवला? तुझ्या नवऱ्यानं शर्ट पळवलेला नाही. ज्या रात्री जान्हवी घर सोडून निघाली, त्या रात्री शेतातून जाताना तिनं तो काढून पिशवीत घातला. पोरगी घरातलं काही घेऊन गेली नाही, धाकू. तेवढा शर्ट नेला. लवूशी बोलणं सोडलंयस म्हणे. आता काय करायचं ते बघ.

शेजारी भिंतीवर पाटी होती. निधीनं वाचली: 'शहरात हरवलेल्या माणसाचा पुसलेला चेहरा.' मी विचारलं, हे कोण हरवलंय? हा तर घरी बसलाय फोन न उचलता. जान्हवी म्हणाली, आत्ये, पाटी त्यांनी लिहिली. मी म्हटलं, मग तोंड का नाही काढलंस? तुला मुंबईत काजळी मिळाली नाही?

तर म्हणते कशी, "आत्ये, शेत बाबांचा. तोंड मी कसा काढू?"

आपल्या घरातली रीत मीच विसरले होते बघ. ज्याचं शेत त्यानंच बुजगावण्याचं तोंड काढायचं, बाकी कुणी काठीला काठी बांधा, पेंढा भरा, काय वाटेल ते करा. मी लहान असताना एकदा हौसेनं मडक्यावर डोळे काढले, तर बाबांनी ओल्या फडक्यानं पुसून टाकले. ही पोरगी मुंबईत येऊन, सगळी जत्रा बघत असताना, ती रीत पाळून बसली आहे.

एक शेवटचं सांगते, रागावू नकोस. आम्ही तिथं उभ्या असताना पत्र्याखालून एक कबुतर आलं आणि मडक्यावर बसलं. निवांत. पंख साफ केले, शर्टावर घाण केली आणि दुसऱ्यालाही बोलावलं. तुझ्या हातच्या बुजगावण्यावर कधी चिमणी बसल्याचं ऐकलं नव्हतं मी. पण तोंड नसल्यावर त्यांनी भ्यायचं कुणाला?

आणि खांद्यावर पंचा नाही. पंच्याशिवाय तू कधी शेतात उभा राहिलास? अर्धवट दिसतोस.

तुझी,
रत्नप्रभा


दहिसर, २० जानेवारी

चि. धाकू,

आधीचं पत्र पोचलं नसेल तोवर हे निघतंय. निधी म्हणते, आजी, उत्तराची वाट तरी बघा. मी म्हटलं, दोन वर्षं बघितली.

तर मी आता आर्टिस्ट झाले. हसू नकोस. शनिवारी जत्रावाल्यांचा फोन आला की आजींना रविवारी परत आणाल का. त्या दिवशीचं माझं बोलणं म्हणे सगळीकडे फिरतंय आणि लोक येऊन विचारतायत, ओरडणारी आजी कुठं आहे. गेले. गळ्यात पट्टा घातला, बसायला खुर्ची दिली, दुपारी चहा. वॉचमनसाठी चटणी वेगळी बांधून नेली होती.

पहिल्यांदा जरा लाजले. ठरवून ओरडायला जमेना. रोज नवऱ्याशी भांडणाऱ्या बाईला कुणी म्हटलं, आता भांडून दाखव, तर कसं होईल? मग वर बघितलं तर ते कबुतर पुन्हा आलेलं. माझा राग परत आला. तुला काय काय बोलले ते लिहायला निधीला कागद पुरायचा नाही. तुझ्या लग्नात तू माझ्या नवऱ्याला मानाचा नारळ द्यायला विसरलास, तिथपासून सुरू केलं.

थोड्या वेळानं एक गृहस्थ पुढं आले. सांताक्रूझचे, कोट घातलेले, माझ्याच वयाचे. म्हणाले, बाई, मी बोललो तर चालेल? मी म्हटलं, बोला, तो कुणाचं ऐकत नाही, तुमचंही ऐकणार नाही. ते बुजगावण्यासमोर उभे राहिले आणि इंग्रजीत बोलायला लागले. हळू आवाजात. मला एक शब्द कळला नाही, पण ते भावाशी बोलत होते एवढं कळलं. भावाशी बोलताना माणूस गळ्यातला टाय सैल करतो.

मग एक मुलगी आली. ती कुणावर ओरडली कुणास ठाऊक, पण छान ओरडली, मी शाबासकी दिली. मग दोघं नवराबायको. मग रांगच लागली, अरे! ज्याला त्याला कुणी ना कुणी फोन न उचलणारा आहे या मुंबईत. तोंड नाही ना मडक्याला, त्यामुळे ज्याला जो हवा तो दिसतो. शेवटी तो वॉचमन टोपी काढून आला. म्हणाला, माताजी, हमको भी बड़े भइया से दो बात करनी है। बोलला, डोळे पुसले, टोपी घातली आणि पुन्हा दारावर उभा राहिला.

त्या आखूड केसांच्या बाईंनी जान्हवीला विचारलं, हे सांताक्रूझच्या गॅलरीत महिनाभर ठेवायला द्याल का, फेब्रुवारीअखेर. पण चेहरा काढू नका हं, चेहरा नाही यातच सगळं आहे. धाकू, तुझी लेक काय म्हणाली ऐक. म्हणाली, "मॅडम, चेहरा राहिलाय. बाबा आले की काढतील. चालणार असेल तर ठेवा." मी मनात म्हटलं, गेलं हातातलं. तोंड वाकडं झालं त्या बाईंचं. मग जरा विचार करून म्हणाल्या, ते लोकांसमोर काढतील का? जान्हवी म्हणाली, त्यांना विचारावं लागेल.

विचारणार कोण? ती विचारणार नाही. तिला वाटतं तू नाही म्हणशील, आणि एकदा नाही म्हणालास की तेवढी आशाही गेली. तुझ्याच वळणावर गेली आहे. म्हणून मी या पत्रात विचारते आहे. तिला माहीत नाही. निधीला शपथ घातली आहे.

आता जे सांगायचं ते सांगते आणि पत्र संपवते. संध्याकाळी जत्रा उठली. लोक गेले, दिवे निम्मे मालवले. जान्हवी पेंढा गोळा करत होती. सगळ्यांनी दिवसभर तुला शिव्या घातल्या, ती एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं, आता कुणी नाही, आता बोलेल, आता दोन वर्षांचं काढेल बाहेर. ती शर्टाची कॉलर सारखी करत होती. करता करता हळूच म्हणाली,

"बाबा, जेवलंस?"

एवढंच.

बुजगावण्यानं उत्तर दिलं नाही. त्याला तोंड नाही. तुला आहे.

रत्नप्रभा


दहिसर, ४ फेब्रुवारी

चि. धाकू,

काल सौरभ बोरिवलीला लक्झरीवर जाऊन पिशवी घेऊन आला. मी पाटावर बसून उघडली. आमसुलं! काळीभोर, रसाळ, डोळ्यांत पाणी आणणारी. निधी घाबरली. म्हणाली, आजी, रडता कशाला, मामाआजोबा रागावलेत म्हणून? मी म्हटलं, अगं वेडे, रागावलाय! दोन वर्षांनी माझा भाऊ माझ्यावर रागावलाय! तिला काही कळेना. ठाण्याला असं नसतं.

आणि आमसुलं म्हणजे किती, अरे! एवढा राग मी नव्वद जणींना वाटला तरी उरेल. कबुतराचं लागलं ना? मला वाटलंच. त्यासाठीच लिहिलं होतं.

सोलकढी केली. जान्हवीनं वाटी तोंडाला लावली आणि थांबली. म्हणाली, आत्ये, ही आपल्या झाडाची. तिनं चवीवरून ओळखली. मी पिशवी दाखवली.

पण धाकू, आमसुलं मला कळली, ती ज्यात बांधली होती तो पंचा कळला नाही. प्लास्टिकच्या पिशव्या संपल्या काय कणकवलीत? नवाकोरा असता तर मी म्हटलं असतं, हाताला लागला म्हणून गुंडाळला. हा तर तुझा वापरातला. एका टोकाला विडीनं पडलेलं भोक. धुऊन, घडी घालून, आमसुलांचा डाग पडू नये म्हणून मध्ये केळीचं पान. रागानं पाठवलेल्या वस्तूला कुणी केळीचं पान घालतं?

मी तो जान्हवीच्या हातात दिला. म्हटलं, हा कुणासाठी आहे तूच ठरव. ती पंचा नाकाला लावून बराच वेळ बसली. बुजगावणं आधीच सांताक्रूझच्या गॅलरीत नेऊन ठेवलंय, आज तिथं जाऊन त्याच्या खांद्यावर टाकून आली. आता फक्त एक गोष्ट राहिली.

शांताबाईनं निधीला फोन केला होता. आता शांताबाई, हे तूच वाचते आहेस ते मला माहीत आहे, पण गाळशील तर बघ. ती म्हणाली, दुसरं पत्र धाकूभावजींनी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, आणि मी ओरडले तो भाग आला की म्हणायचे, "परत वाच, बाय अशीच वराडता." तिसरं एकदाच वाचून घेतलं, आणि शेवटी उठून परसात गेले ते उशिरापर्यंत आले नाहीत. आणि लवू आता संध्याकाळी पडवीत येऊन बसतो. शर्टाबद्दल कुणी काही बोलत नाही, विडी मात्र एकाच काडीवर पेटते. धाकू, तिच्यावर चिडू नकोस. चिडायचंच असेल तर आमसुलं तिला दे, ती शेजारी आहे, लक्झरीचं भाडं वाचेल.

आता कामाचं बोलते. सांताक्रूझच्या गॅलरीत या महिन्याच्या अखेरीस काम लागेल. त्या बाई म्हणतात, बाबांनी दिवसा लोकांसमोर चेहरा काढला तर फार छान, त्याला ते लोक प्रोसेस म्हणतात. तुला वाटेल, लोक बघत असताना कसं जमणार. बाबांनी शेत तुझ्या हाती दिलं आणि तू तोंड काढायचास, तेव्हा मी, आई, बाबा, लवू आणि वाडीतली पोरं मिळून बघतच होतो की. चुना, काजळी इथं तयार आहे. चुना मी स्वतः भिजवते, मडकं जान्हवी खाली उतरवून ठेवेल, तुला स्टुलावर चढावं लागणार नाही. डोळे मात्र तुझ्या पद्धतीनं काढ, एक मोठा, एक बारीक. त्या कबुतरांना कळू दे शेत कुणाचं आहे.

आणि तिच्याशी काय बोलायचं, हा विचार करत बसू नकोस. तिनं प्रश्न विचारून ठेवला आहे. जेवलास की नाही, एवढं सांग. तिथून पुढं आपोआप होईल.

माझ्याकडे डबे सगळे भरलेले आहेत. कुळथाचं पीठ आहे, लाडूंना दात उरले नाहीत, आमसुलं तर पुढच्या वर्षीच्या शिमग्यापर्यंत पुरतील. एकच डबा दोन वर्षं घासून, पालथा घालून ठेवला आहे. मी काही बोलत नाही. पिशवी आली की हातात तोलून बघेन आणि निधीला सांगेन किती दिवसांचं अंथरूण घालायचं. या खेपेला जड पाठव.

निधी म्हणते, आजी, शेवटी एकदा 'अरे' न लिहिता तुमचाच शब्द लिहिते. लिही म्हटलं.

मेल्या, तांदूळ पाठव. उकडो.